पाणी मागणारे सोनकांबळे

सोनकांबळेसाहेब कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढताच पाणी मागायचे. तहान असो वा नसो. बरं, मागितल्यावर बाहेर खुर्चीत बसून वाट बघतील तर तेही नाही. घरातली बाई पाणी आणायला उठली की तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे आणि चौकटीला खांदा लावून उभे राहायचे. पाणी कशातून काढलं, कशानं काढलं, झाकण कुठे ठेवलं, बाईला किती वाकावं लागलं, सगळं बघायचे. मग दोन घोट घेऊन पेला परत करायचे आणि बाहेर पडल्यावर जिन्यातच खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहायचे. एका दिवसात अशी सात-आठ घरं झाली की साहेबांच्या पोटातून डुबुक डुबुक आवाज येतो, असं कारखान्यातले लोक सांगायचे. मी स्वतः ऐकलेला नाही, पण येतच नसेल असंही म्हणणार नाही.

भाईंदर पूर्वेला औद्योगिक वसाहतीत आमचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. खाली पत्रा कापायचा, दाबायचा, पॉलिश करायचा. दिवसभर तो खरखराट कानात बसायचा, तो घरी जेवतानाही थोडा ऐकू यायचा. वर पोटमाळ्यावर ड्रॉइंग ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन बोर्ड, एक कपाट आणि एक मोठी खिडकी. एका बोर्डावर मी. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, नुकतीच लग्न होऊन मीरा रोडला आलेली. दुसऱ्या बोर्डावर सोनकांबळेसाहेब. मूळचे उदगीरकडचे, औरंगाबादला डिप्लोमा केलेले, वय चाळिशीच्या पुढे, अंगानं किडकिडीत, आणि दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचे दिवस होते ते.

त्या वसाहतीत डिझाइन म्हणजे शेजारच्या गाळ्यातलं भांडं आणायचं, कागदावर ठेवायचं आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची. आमचे मालक जयंतीभाई मात्र जरा निराळे निघाले. आपली स्वतःची अशी एक तरी वस्तू बाजारात असावी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मीरा रोडला तेव्हा रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि पाणी दिवसाआड येत होतं. जो येईल तो आधी पिंप घ्यायचा, मग पलंग. तेव्हा पिण्याच्या पाण्याचं नळाचं पिंप करायचं ठरलं, आणि त्यासाठी साहेबांना बोलावून घेतलं.

पहिले दोन महिने साहेबांनी कागदावर एक रेघ ओढली नाही. खिडकीत बसून राहायचे. खिडकीतून मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात दुपारी त्या पांढऱ्या ढिगांवरून वाफ हलायची, मग मीठ कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. मधल्या पाण्याच्या चौकोनांमध्ये माणसं फावडी घेऊन चालायची, ती तरंगत असल्यासारखी वाटायची. साहेब बघता बघता त्यात निघून जायचे. खालून हाक आली तरी ऐकू जायची नाही. जयंतीभाई वर यायचे, एकदा त्यांच्याकडे बघायचे आणि मला हळूच म्हणायचे, "साहेब मिठागरमंदी गेले वाटते. आले की सांगा." आणि पाय न वाजवता खाली उतरायचे. असा मालक मी पुन्हा पाहिला नाही.

खिडकीच्या कठड्यावर साहेबांची काचेची बरणी असायची. टँकरचं गढूळ पाणी भरून ठेवायचे आणि गाळ खाली कसा बसतो ते बघायचे. गाळ रात्रभरात दोन बोटं बसतो, म्हणून नळ दोन बोटं वर हवा, हे शास्त्र. पण मीरा रोडच्या बायका म्हणाल्या, तळाचं दोन बोटं पाणी वाया घालवायला आमच्याकडे काय विहीर आहे? मग साहेबांनी पिंपाचा तळ परातीसारखा मधे खोल केला, खाली उंच कडं लावलं. गाळ मधल्या खळग्यात उतरला, नळ कडेला खाली आला, पाणी वाचलं. दुसऱ्या दोन बाटल्या होत्या. एकीत हात बुडवलेलं पाणी, एकीत न बुडवलेलं. तीन दिवसांनी दोन्हींचा वास घ्यायला लावायचे. खालचा पॉलिशवाला विचारायचा, "साहेब, हा हात कुणाचा होता पण?" साहेब म्हणायचे, "कुणाचाही असू दे. जंतूला आडनाव नसतं." सगळे हसायचे. मीही हसायचे.

पिंप भरायला लागलं की ते डोळे मिटायचे आणि हात वर करून आम्हाला गप्प करायचे. पाणी चढतं तसा आवाज बारीक होत जातो, तो ऐकत राहायचे आणि बरोबर काठाला दोन बोटं उरली की म्हणायचे, "बंद." कधी चुकले नाहीत. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे काही यायचं, ते मला पाण्यापेक्षा जास्त बघावंसं वाटायचं.

एकदा मला म्हणाले, "पाटकरबाई, उत्तनला याल का? बायामाणसं तुमच्याशी मोकळं बोलतील." आम्ही बसनं गेलो. मुर्ध्याच्या पुढे खाडीचा वास संपून समुद्राचा वास सुरू झाला. उत्तनला वाळत टाकलेल्या बोंबलांच्या रांगा वाऱ्यावर हलत होत्या आणि त्यांच्या सावल्या वाळूवर. साहेब त्या सावल्यांमधून अलगद पाय टाकत चालत होते, जणू एखादी मोडेल. मोनिकाबाय म्हणून एक कोळीण दारात मासळी निवडत बसली होती. साहेबांनी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं.

"घ्या की. पान्याला कोन न्हाय म्हनते?" ती म्हणाली. "माजे हात मासलीचं हाय. आत जावा, डेऱ्यातलं घ्या."

साहेब आत गेले. पण डेऱ्याला हात लावला नाही. नुसतेच त्याच्यासमोर उभे राहिले. बराच वेळ. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "नळ असता तर, मावशी?"

"नल फिरवाचा कसा? नलाला मासलीचा वास लागंल, मंग सगल्या पान्याला." तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळावरचे केस सारले. "असा कायतरी करा. बोटां न लावता."

परतीच्या बसमध्ये साहेब मनगट पुन्हा पुन्हा पुढे ढकलत होते, हवेत. शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले. त्यातून आमच्या पिंपाचा खटक्याचा नळ आला. मनगटानं दाबला की धार, सोडला की बंद. आम्ही परत निघताना मात्र मला एक गोष्ट विचारायची होती, डेऱ्यातलं पाणी का नाही घेतलं म्हणून. विचारली नाही. मला वाटलं, सवय नसेल.

पहिला माल दुकानात गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. गळका म्हणून नव्हे, महाग म्हणूनही नव्हे. झालं होतं असं, की किंमत बाजारात बसावी म्हणून पत्रा पातळ ठेवला होता. पातळ पत्र्याला पोचे येतात, म्हणून साहेबांनी पिंपाच्या पोटावर तीन कंगोरे दाबून घेतले. ताकद दुप्पट झाली, दिसायलाही छान. पण पिंप ही आपल्याकडे लग्नात द्यायची वस्तू. दुकानदारानं त्यावर मशीननं नाव घालायला घेतलं, तर सुई कंगोऱ्यावरून उड्या मारायला लागली. 'मामांकडून सप्रेम भेट' यातले मामा डोंगरावर आणि सप्रेम दरीत. मामा दुकानातच भांडायला उठले म्हणे. साहेबांनी ते पिंप दोन्ही हातांत धरून निरखलं आणि असे हसले, असे हसले, की कानावरच्या दोन्ही पेन्सिली खाली पडल्या.

"पाण्याचं वजन काढलं, पत्र्याची ताकद काढली, बाई," डोळे पुसत ते म्हणाले, "मामाच राहिला."

मग कंगोरे वर-खाली सरकले आणि मधे चार बोटांचा गुळगुळीत पट्टा राहिला. ड्रॉइंगवर त्यांनी त्याला बाण काढून लिहिलं, 'मामा'. ते ड्रॉइंग मी ट्रेस केलं तेव्हा तो शब्दही तसाच ट्रेस केला.

ते आमच्या घरी आले ते एका रविवारी, बेव्हर्ली पार्कला. मीच बोलावलं होतं. मला मिरवायचं होतं, आमचे साहेब म्हणून. माझ्या सासूबाई गिरगावातून नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. साहेबांनी पाणी मागितलं आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी ओगराळ्यानं पेला भरला आणि देता देता विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"सोनकांबळे. उदगीरकडचे."

सासूबाईंचा पुढे आलेला हात तिथेच थांबला. मागे गेला नाही, पुढेही आला नाही. मग त्यांनी पेला ओट्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या." साहेबांनी तो उचलला आणि सगळं पाणी प्यायले. एरवी दोन घोट घेणाऱ्या माणसानं पेला तळापर्यंत रिकामा केला. ते पीत असताना सासूबाई ओगराळं धूत होत्या. साहेबांचा हातही न लागलेलं ओगराळं. एकदा धुतलं, मग पुन्हा धुतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची वही त्यांच्या बोर्डावर उघडी होती. मी वाचली. वाचायला नको होती, पण वाचली. 'बेव्हर्ली पार्क. ओट्याखाली पिंप, वाकावं लागतं. ओगराळं, लांब दांडा.' आणि मग शेवटच्या रकान्यात, त्याच अक्षरात, 'पेला ओट्यावर. ओगराळं दोनदा.' मी मागची पानं उलटली. तो रकाना प्रत्येक पानावर होता. 'हातात दिलं.' 'हातात दिलं.' 'आडनाव विचारलं, मग प्लास्टिकच्या पेल्यात.' 'पाणी नाही म्हणाल्या.' 'हातात दिलं, वर गूळही.' उत्तनच्या पानावर होतं, 'स्वतः घ्या म्हणाली. जमलं नाही.'

साहेब कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते म्हणाले, "बाई, दांड्याची लांबी घ्यायची राहिली. अंदाजे किती असेल?"

"वीतभर असेल, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मी माफी मागितली नाही. सासूबाईंना तर एका शब्दानं काही बोलले नाही, त्यांचा स्वभाव, त्यांचं वय, असं मनाशी म्हणत राहिले. त्याची लाज मला तेव्हा वाटली त्यापेक्षा आज जास्त वाटते.

पिंप तयार झालं. खरोखर सुंदर झालं होतं. जयंतीभाईंनी त्याला हार घातला, नारळ फोडला. पहिला मोठा माल जायच्या आदल्या आठवड्यात ठाण्याचे एक भांड्यांचे व्यापारी लेबलं छापून घेऊन आले. माल त्यांनीच बुक केला होता. मी ड्रॉइंगची भेंडोळी द्यायला केबिनमध्ये गेले होते आणि साहेब टेबलाशी उभे होते. लेबलावर कमळ होतं, कमळावर कलश होता आणि खाली लाल अक्षरांत होतं, 'हात न लागलेले पाणी'.

"हल्ली फ्लॅटमध्ये कोण कोण येतं," व्यापारी समजावत होते. "धुणंवाली येते, प्लंबर येतो, केबलवाला येतो. कुणाला विचारणार तुम्ही, कोण, कुठला? तोंडानं म्हणता येत नाही. लेबलानं म्हणता येतं. बघा कसं उडतं ते."

व्यापारी गेल्यावर साहेब लेबल हातात घेऊन उभेच होते. जयंतीभाई म्हणाले, "काय साहेब? बराबर नाय वाटत?"

"हे लावू नका, शेठ."

"का? तुमीच तर सांगितला, हात नाय लागला पायजे. बाटलीमंदी वास दाखवला."

"हात म्हणजे कुठलाही हात म्हणालो मी. माझा, तुमचा. यांनी फक्त काही हात म्हटलंय." साहेबांनी लेबल टेबलावर ठेवलं. आवाज चढला नव्हता. "शेठ, नळ ओट्यापासून वीतभर वर का, हे तुम्ही मला कधी विचारलं नाही. आमच्या आजीला गावच्या विहिरीत दोर टाकू देत नव्हते. घागर घेऊन बसून राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचे, वीतभर अंतर ठेवून. एवढ्या अंतरावरून धार कशी पडते, कुठे शिंतोडे उडतात, घागर किती कलवली की थेंब सांडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते माप मी तिच्याकडून घेतलंय. कुणीही यावं, कुणाला न विचारता मनगटानं दाबावं आणि प्यावं, एवढ्यासाठी हे पिंप केलं. वरून ओतणारं माणूस मधून काढायला. या लेबलानं ते परत आणून बसवलंय."

जयंतीभाई बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला मालूम नव्हता साहेब. खरंच नव्हता." आणि थोड्या वेळानं, "पण माल बुक झाला. लेबल चिकटवायला घेतला पण. पुढच्या लॉटला बदलू. माझा शब्द."

"पुढच्या लॉटपर्यंत रीत पडलेली असेल, शेठ."

जयंतीभाईंनी मान खाली घातली. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. एवढा कारखाना, एवढी माणसं, आणि लेबलासमोर त्यांचं काही चालत नव्हतं.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी सगळे गेल्यावर मी पोटमाळ्यावरून उतरले तर गोदामाचं दार उघडं होतं. आत पिंपांच्या रांगाच रांगा, वरच्या झरोक्यातून ऊन पडलेलं. सगळा स्टीलचा उजेड होता, पाण्याखाली उतरल्यावर असावा तसा. मधोमध साहेब उकिडवे बसले होते आणि प्रत्येक पिंपाच्या पोटात लहानमोठे, रुंद, बारीक असे दुसरे साहेब बसले होते. त्यांच्यासमोर एक पातेलं आणि एक ओलं फडकं. ते लेबल भिजवत होते आणि नखानं खरवडत होते. एक झालं की पिंप बाजूला, दुसरं पुढ्यात. घाई नव्हती.

मी पर्स खाली ठेवली, फडक्याचा दुसरा तुकडा फाडून घेतला आणि समोर बसले. लाल अक्षरं आधी सुटायची, कमळ मात्र चिवट होतं. उन्हाचा पट्टा हळूहळू एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर सरकला. माझी नखं तुटली, बोटांची टोकं पांढरी पडली. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी आपणहून केल्या आहेत, त्यातली ती एक.

जयंतीभाई कुलूप लावायला आले आणि दारातच थांबले. "साहेब, हे काय?"

"काढतोय."

"किती काढणार?"

"निघतील तेवढी."

जयंतीभाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग किल्ली दाराजवळच्या पिंपावर ठेवली आणि म्हणाले, "जाताना लावून जा." आणि निघून गेले. त्यांनी अडवलं नाही. बसून हातही लावला नाही.

संध्याकाळपर्यंत निम्मीसुद्धा झाली नाहीत. साहेबांनी त्यानंतर काम सोडलं. उदगीरला गेले म्हणतात, कुणी म्हणतं औरंगाबादला शिकवायला लागले. मला पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही. पिंप मात्र खूप खपलं. पुढच्या लॉटला लेबल बदललं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सोमवारी सकाळी. फाटकाशी टेम्पो भरत होता. हमाल लेबलवाली आणि बिनलेबलाची पिंपं एकत्रच चढवत होते. ज्यांची काढली होती त्यांच्या पोटावर एक धुरकट चौकोन राहिला होता, उन्हात तेवढाच चमकत नव्हता. साहेब टेम्पोला हात लावून उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी एका पिंपावरच्या त्या चौकोनावरून अंगठा फिरवला, अंगठा बोटावर घासून पाहिला, पुन्हा फिरवला. एखाद्याचं काम तपासावं तसं, मनापासून.

"पाटकरबाई," ते म्हणाले, "गोंद फार चांगला वापरलाय हो त्यांनी. नुसत्या पाण्यानं सुटत नाही."